क्लाउडवरील फाइल-साठवण : नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरील उपाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा आयक्लाउड यांपैकी कोणतीही सेवा रोज वापरणाऱ्याला कधी ना कधी पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ॲपमधील बटणांची नावे आणि जागा सतत बदलत असतात. म्हणून 'आधी हे दाबा, मग ते दाबा' असे सांगण्यापेक्षा बिघाड का होतो आणि तो कोठे शोधायचा यावर उत्तरांत भर दिला आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे आकडे वैयक्तिक खात्यांचे आहेत. कार्यालयाने किंवा संस्थेने दिलेल्या खात्यांत प्रशासकाने ठरवलेले नियम लागू होतात.

काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते. सुरुवात कोठून करावी?

ब्राउझरपासून. संगणकावरील फोल्डरमध्ये किंवा मोबाइलवरील ॲपमध्ये दिसते ती आपल्या बाजूची प्रत असते; सर्व्हरवर (म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर) प्रत्यक्षात काय पोहोचले आहे, हे सेवेच्या संकेतस्थळावर त्याच खात्याने प्रवेश केल्यावरच कळते. फाइल तेथे अद्ययावत स्वरूपात दिसत असेल, तर मजकूर सुखरूप आहे आणि दोष आपल्या यंत्रापुरता आहे. ती तेथे नसेल, तर एक तर ती कधी अपलोड झालीच नाही, किंवा कोणीतरी ती पुसली वा हलवली आहे. या दोन शक्यतांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत : पहिल्या स्थितीत संगणकावरची प्रत हीच एकमेव प्रत असल्यामुळे ती जपायची असते, तर दुसऱ्या स्थितीत सर्व्हरवरील ट्रॅश, म्हणजे पुसलेल्या फाइली काही काळ राहतात ती जागा, उघडून पाहायचा असतो.

हा निवाडा होईपर्यंत ॲप काढून टाकू नये, खात्यातून बाहेर पडू नये आणि सिंक होणारे, म्हणजे सर्व्हरवरील प्रतीशी आपोआप जुळत राहणारे फोल्डर पुसू नये. मूळ बिघाडात फाइली क्वचितच नष्ट होतात. नुकसान बहुधा घाईने केलेल्या उपायामुळे होते. प्रस्तुत लेखकाने एकदा 'सगळे नव्याने सुरू करू' म्हणून असेच एक फोल्डर पुसून टाकले होते, आणि त्यातले आठवडाभराचे काम अजून अपलोड व्हायचे राहिले होते हे नंतर लक्षात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत काही वापरकर्त्यांच्या न चढलेल्या फाइली दिसेनाशा झाल्या, तेव्हा गूगलनेही सर्वप्रथम हीच सूचना दिली होती : ॲपमधून खाते तोडू नका आणि ॲपच्या माहितीचे फोल्डर पुसू वा हलवू नका.

एकाच वेळी अनेकांना तीच अडचण येत असेल, तर सेवेचे स्थितिदर्शक पान पाहावे. सर्व्हरच बंद असेल तर आपल्या संगणकावर खटपट करून काही साधत नाही.

सिंक तासन्‌तास 'प्रतीक्षेत' दिसते. ते पुढे का सरकत नाही?

बहुतेक वेळा सगळे सिंक बंद पडलेले नसते, तर एखादीच फाइल अडकलेली असते आणि तिच्यामुळे पूर्ण रांग खोळंबल्यासारखी भासते. सूचनापट्टीतील ॲपच्या चिन्हावर क्लिक केल्यास त्रुटींची यादी मिळते. त्यात ज्या फाइलीचे नाव पुन्हा पुन्हा येते तिच्यापासून सुरुवात करावी. ती फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये उघडी असू शकते, कारण काही प्रोग्राम चालू असेपर्यंत फाइलीला कुलूप लावून ठेवतात. असे असल्यास प्रोग्राम बंद करावा. फाइल उघडी नसेल, तर तिची एक प्रत सिंक फोल्डरबाहेर काढून ठेवावी आणि मग मूळ फाइल तेथून हलवून पाहावी. रांग पुढे सरकली तर गुन्हेगार सापडला.

यादी रिकामी असूनही हालचाल होत नसेल, तर कारणे बहुधा साधी असतात. आपणच कधी तरी सिंक थांबवून ठेवलेले असते, डिस्कवर किंवा खात्यात जागा उरलेली नसते, अथवा लॅपटॉप बॅटरी बचतीच्या अवस्थेत असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला विंडोज संगणक ती जोडणी मर्यादित डेटाची आहे असे मानू शकतो, आणि अशा जोडणीवर वनड्राइव्ह सिंक आपोआप थांबवते. संगणकाचे घड्याळ हे आणखी एक कारण आहे, जे सहसा कोणाला सुचत नाही : तारीख किंवा वेळ बरीच चुकलेली असेल, तर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरते आणि जोडणीच होत नाही. व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय), कार्यालयातील प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये बसवलेला सर्व्हर) आणि अँटिव्हायरस हेही अडथळा आणू शकतात, म्हणून ते एकेक करून तात्पुरते बाजूला ठेवून पाहावे.

एवढ्यानेही भागले नाही तर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, नंतर संगणक पुन्हा सुरू करावा. खाते तोडून पुन्हा जोडणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, आणि त्यापूर्वी सिंक फोल्डरची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतलेली असावी.

काही फाइली केवळ नावामुळे अडतात, हे खरे आहे का?

हो, आणि देवनागरी नावे देणाऱ्यांना हा अनुभव जरा अधिकच येतो. विंडोजवर " * : < > ? / \ | ही चिन्हे नावात चालत नाहीत; मॅक किंवा लिनक्सवर त्यांतील बरीच चालतात. त्यामुळे मॅकवर सहज दिलेले एखादे नाव सर्व्हरपर्यंत पोहोचले तरी विंडोज संगणकावर उतरत नाही. नावाच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागा किंवा पूर्णविरामाचा ठिपकाही असाच अडतो. विंडोजच्या दृष्टीने इंग्रजी नावातील लहान-मोठ्या लिपीचा फरक हा फरकच नसतो, लिनक्स मात्र तो पाळते. म्हणून लिनक्सवरील दोन स्वतंत्र फाइली विंडोजवर एकमेकींच्या वाटेत येतात.

लांबीचा प्रश्न याहून फसवा आहे. विंडोजमधील जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांना ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंतचा संपूर्ण मार्ग २६० अक्षरचिन्हांपेक्षा मोठा चालत नाही, तर वनड्राइव्हवर मार्गाची मर्यादा ४०० आहे. लिनक्सवरील नेहमीच्या फाइल-प्रणालींत एका नावाची मर्यादा २५५ बाइट असते. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. म्हणजे २५५ बाइटांत देवनागरीची फक्त ८५ चिन्हे मावतात, आणि 'स्त्री' एवढ्या एका अक्षरासाठीच त्यांतली सहा खर्च होतात. वेब-पत्त्यात तर देवनागरीच्या एका चिन्हाची नऊ अक्षरचिन्हे होतात. फोल्डरांत फोल्डर आणि प्रत्येकाला वाक्याएवढे नाव अशी रचना म्हणूनच लवकर कोसळते. मराठी नावे टाळण्याचे कारण नाही. ती आखूड ठेवावीत आणि फोल्डरांची उतरंड चार-पाच पायऱ्यांपुरती मर्यादित ठेवावी.

एकाच फाइलीच्या दोन प्रती दिसू लागल्या आणि एकीच्या नावात संगणकाचे नाव जोडलेले आहे. ही कोणाची करामत?

दोन यंत्रांवर एकच फाइल एकाच काळात बदलली गेली, तर कोणता बदल खरा मानायचा हे सेवेला ठरवता येत नाही. अशा वेळी ती दोन्ही ठेवते आणि दुसऱ्या प्रतीला वेगळे नाव देते. ड्रॉपबॉक्समध्ये या प्रतीच्या नावात वापरकर्ता किंवा संगणक यांचा उल्लेख आणि तारीख येते. लॅपटॉप इंटरनेटविना वापरून नंतर जोडला, किंवा दोघांनी एकच तक्ता आपापल्या संगणकावर उघडून ठेवला, की हे हमखास घडते. यांपैकी कोणतीही प्रत न वाचता पुसू नये. दोन्ही शेजारी उघडून फरक पाहावा, बदल एका फाइलीत आणावेत आणि मगच दुसरी काढावी. वर्डमध्ये दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय आहे, ती येथे फार उपयोगी पडते. ज्या फाइलीवर अनेकांना एकाच वेळी काम करायचे आहे ती ब्राउझरमधील संपादकात उघडली, तर प्रत्येकाचा बदल त्याच क्षणी सर्व्हरवर जातो आणि हा संघर्ष उद्भवत नाही.

फाइल संगणकावर दिसते, पण इंटरनेट नसले की उघडत नाही. ती संगणकावर आहे की नाही?

नाही; तेथे तिचे फक्त नाव आणि चिन्ह आहे. डिस्कवरील जागा वाचवण्यासाठी या सेवा फाइलीचा मजकूर सर्व्हरवर ठेवतात आणि आपण ती उघडू तेव्हा तो खाली उतरवतात. विंडोजवरील वनड्राइव्हमध्ये अशा फाइलीपुढे निळ्या कडेचा ढग दिसतो, उतरवलेल्या फाइलीपुढे पांढऱ्या वर्तुळात हिरवी खूण असते, आणि कायम संगणकावर ठेवायच्या फाइलीपुढे भरीव हिरवे वर्तुळ असते. मॅकवर साठवण आटोपशीर ठेवण्याचा पर्याय चालू असला, की जागा कमी पडताच प्रणाली स्वतःहून जुन्या फाइलींचा मजकूर काढून टाकते.

प्रवासाला निघण्यापूर्वी किंवा सादरीकरणाच्या आदल्या दिवशी हव्या त्या फोल्डरवर उजवे क्लिक करून ते कायम या यंत्रावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि इंटरनेट बंद करून एखादी फाइल उघडून पाहावी.

येथे एक धोका आहे. 'ही तर नुसती खूण आहे' असे समजून ढगाचे चिन्ह असलेली फाइल पुसली, तर सर्व्हरवरची मूळ फाइलही पुसली जाते. डिस्कवरची जागा हवी असेल तर पुसण्याऐवजी 'जागा मोकळी करा' हा पर्याय वापरावा; त्याने मजकूर सर्व्हरवर राहतो आणि संगणकावर खूण उरते.

विंडोजचा डेस्कटॉप अचानक रिकामा झाला. फाइली गेल्या कोठे?

नवा विंडोज संगणक सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरे वनड्राइव्हच्या ताब्यात देण्याचा पर्याय पुढे येतो, आणि घाईत तो स्वीकारलेला असतो. त्यानंतर डेस्कटॉपवरील फाइली खरे तर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहू लागतात. पुढे कधी ही सोय बंद केली, की विंडोज पुन्हा जुने, रिकामे डेस्कटॉप फोल्डर दाखवू लागते आणि सर्व काही नाहीसे झाल्यासारखे वाटते. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन तेथले डेस्कटॉप हे फोल्डर उघडावे. फाइली बहुधा तेथेच असतात आणि त्या पूर्वीच्या जागी हलवता येतात. पाच जीबीचे मोफत खाते काहीही अपलोड न करता भरले कसे, या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याचदा हेच असते.

खात्यातील जागा भरल्याचा इशारा आला आहे. फाइली तर फारशा नाहीत. मग जागा कोणी घेतली?

मोफत खात्यात गूगल १५ जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी जागा देते. यांपैकी गूगलचे १५ जीबी केवळ ड्राइव्हचे नाहीत. जीमेल आणि गूगल फोटोज यांचाही त्यात वाटा असतो. १ जून २०२१ पूर्वी गूगल फोटोजवर 'उच्च गुणवत्तेत' चढवलेली छायाचित्रे मोजली जात नसत. त्या तारखेनंतरची सर्व मोजली जातात, आणि गूगल डॉक्स व शीट्समधील नवे दस्तऐवजही त्याच तारखेपासून मोजणीत आले. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी मोफत होता, तोही २०२४ पासून याच जागेत धरला जातो. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ पासून आउटलुकच्या मेलमधील जोडपत्रे वनड्राइव्हच्या ५ जीबीमध्ये मोजायला सुरुवात केली. आयक्लाउडमध्ये बहुधा जुन्या, आता वापरातही नसलेल्या फोनचा बॅकअप जागा अडवून बसलेला असतो.

म्हणून फाइली एकेक करून पुसत बसण्याआधी सेवेच्या साठवण-पानावर जाऊन कोणत्या विभागाने किती जागा घेतली ते पाहावे आणि त्या विभागातील यादी आकारानुसार लावावी. शेकडो दस्तऐवज पुसून जेवढे मिळत नाही तेवढे दोन-तीन चित्रफिती हलवल्याने मिळते. मोठ्या जोडपत्रांचे जुने मेल शोधण्याची सोय जीमेलच्या प्रगत शोधात आकाराच्या रकान्यात आहे.

हा इशारा फार काळ दुर्लक्षित ठेवू नये. गूगल खात्याची जागा संपली की ड्राइव्हवर नवे काही चढत नाहीच, शिवाय जीमेलवर येणारे मेलही थांबतात. आणि खाते सलग दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिल्यास त्यातील मजकूर काढून टाकण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे. दोन वर्षे अजिबात न वापरलेल्या वैयक्तिक खात्यांबाबतही असाच नियम असून त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. कधी काळी उघडून विसरलेल्या दुसऱ्या खात्यात छायाचित्रे ठेवली असतील, तर अधूनमधून त्यात प्रवेश करत राहावे.

बरेच काही पुसले, तरी आकडा तोच आहे.

बहुतेक सेवांत ट्रॅशमधील फाइलीही जागेत मोजल्या जातात. ट्रॅश रिकामा केल्यावर आकडा बदलायला काही तास, कधी दिवसभरही लागतो. मात्र जागेच्या घाईपोटी ट्रॅश रिकामा करणे म्हणजे परतीचा रस्ता स्वतःहून बंद करणे होय. आधी तो एकदा नजरेखालून घालावा.

शेअर केलेल्या फोल्डरमधील फाइल कोणाच्या जागेत मोजली जाते?

याबाबतीत तिन्ही मोठ्या सेवांचे नियम वेगळे आहेत आणि गैरसमज येथेच सर्वाधिक होतात. गूगल ड्राइव्हवरील 'माझे ड्राइव्ह' या भागात फाइल ज्याने चढवली तो तिचा मालक असतो, फोल्डर कोणाचेही असो. त्यामुळे दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आपण टाकलेल्या चित्रफिती आपलीच जागा खातात. वनड्राइव्हवर ज्याचे फोल्डर त्याची जागा, असा सरळ हिशेब आहे. ड्रॉपबॉक्सच्या वैयक्तिक खात्यांत मात्र शेअर केलेले फोल्डर त्यात सामील असलेल्या प्रत्येकाच्या जागेत पूर्ण मोजले जाते. त्यामुळे २ जीबीचे मोफत खाते असलेल्याची जागा एखाद्या मोठ्या फोल्डरला पुरत नाही. फाइली नुसत्या पाहायच्या असतील, तर फोल्डर आपल्या खात्यात न घेता लिंकवरून उघडावे.

लिंक पाठवली, पण समोरच्या व्यक्तीला 'परवानगी नाही' असे दिसते.

लिंक पाठवणे आणि परवानगी देणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. फाइल 'मर्यादित' असेल, तर ज्यांचे मेल-पत्ते आपण यादीत घातले आहेत त्यांनाच ती उघडते. यादीत नाव असूनही उघडत नसेल, तर समोरची व्यक्ती बहुधा दुसऱ्याच खात्याने प्रवेश केलेली असते. ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती एकाच वेळी उघडी ठेवण्याची सवय असलेल्यांना हे वारंवार घडते. त्यांना ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून योग्य खात्याने प्रवेश करायला सांगावे. लिंकची मुदत संपलेली असणे, किंवा कार्यालयीन खात्यातून बाहेरच्या व्यक्तींना फाइल देण्यास प्रशासकाने मनाई केलेली असणे, हीही कारणे असतात; शेवटच्या कारणावर प्रशासकाशी बोलण्याखेरीज उपाय नाही.

पाठवण्यापूर्वी आपणच ती लिंक खाजगी खिडकीत, कोणत्याही खात्याविना उघडून पाहिली तर अर्धे प्रश्न उरत नाहीत. आणि वैतागून 'लिंक असलेल्या कोणालाही संपादन करता येईल' असा पर्याय देऊ नये. अशी लिंक पुढे कोणाकोणाकडे गेली, हे कळायला मार्ग नसतो.

कोणीही पुसलेली नाही, तरी फाइल सापडत नाही.

ती हलवलेली असू शकते. सेवेच्या घडामोडींच्या पानावर कोणी, कधी, कोठे हलवली याची नोंद मिळते. 'माझ्यासोबत शेअर केलेले' या यादीतील फाइली आपल्या नसतात : मालकाने फाइल पुसली किंवा परवानगी काढून घेतली, की ती आपल्या यादीतूनही जाते. याउलट, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आपण टाकलेली फाइल ते फोल्डर नाहीसे झाल्यावरही गूगल ड्राइव्हवर आपल्या मालकीची म्हणून टिकून राहू शकते. ती कोणत्याच फोल्डरमध्ये नसल्यामुळे दिसत नाही, पण मालक म्हणून स्वतःला निवडून शोध घेतला की सापडते.

जुन्या मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत वेगळीच अडचण असते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेत-पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर वाचणाऱ्याला देवनागरी दिसला, तरी फाइलीच्या आत तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या रूपात साठवलेला असतो. त्यामुळे मजकुरातला शब्द देवनागरीत शोधल्यास अशी फाइल कधीच मिळत नाही. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करावी, किंवा निदान फाइलीचे नाव तरी युनिकोडमध्ये द्यावे.

पुसलेली फाइल किती दिवसांपर्यंत परत मिळते?

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हचे वैयक्तिक खाते, आयक्लाउड ड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सचे मोफत खाते यांत साधारणपणे ३० दिवस. वनड्राइव्हच्या कार्यालयीन खात्यांत ९३ दिवस. गूगल फोटोजवर बॅकअप घेतलेल्या छायाचित्रांसाठी ६० दिवस. ट्रॅश हातानेच रिकामा केला असेल, तर ही मुदत उरत नाही. गूगलच्या कार्यालयीन खात्यात मात्र ट्रॅश रिकामा झाल्यावरही २५ दिवसांपर्यंत प्रशासकाला फाइली परत आणता येतात, म्हणून त्याला त्याच दिवशी कळवावे. शेअर केलेल्या फोल्डरमधील फाइल आपल्या ट्रॅशमध्ये नसेल, तर मालकाच्या ट्रॅशमध्ये पाहायला सांगावे.

फाइल आहे, पण आतला मजकूर चुकून बदलला गेला.

फाइलीवर उजवे क्लिक करून आवृत्त्यांचा इतिहास उघडावा. गूगल ड्राइव्ह पीडीएफ, वर्ड वगैरे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवते, आणि एखादी आवृत्ती कायम ठेवण्याची खूणही करता येते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. जुनी आवृत्ती थेट पुनःस्थापित करण्याऐवजी ती आधी वेगळ्या नावाने उतरवून घ्यावी आणि वाचून खात्री करावी.

इंटरनेट वेगवान असूनही अपलोडला इतका वेळ का लागतो?

जोडणीचा जाहिरातीतला वेग बहुधा उतरवण्याचा असतो, आणि चढवण्याचा वेग अनेक जोडण्यांत त्याहून पुष्कळ कमी असतो. शिवाय तो वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार बाइटमध्ये. एका बाइटात आठ बिट असतात. सेकंदाला १० मेगाबिट चढवणाऱ्या जोडणीवरून सेकंदाला सव्वा मेगाबाइटच जातो, म्हणजे १० जीबीच्या फोल्डरला सर्व काही सुरळीत असतानाही सुमारे सव्वादोन तास लागतात. एवढा हिशेब केला, तर 'अडकले आहे' असे वाटणारे पुष्कळ अपलोड खरे तर चालूच असल्याचे लक्षात येते.

हजारो लहान फाइली एका मोठ्या फाइलीपेक्षा सावकाश जातात, कारण प्रत्येक फाइलीसाठी सर्व्हरशी स्वतंत्र देवाणघेवाण करावी लागते. जुन्या, पुन्हा न बदलणाऱ्या लहान फाइलींची फोल्डरे झिप करून चढवावीत. ॲपच्या सेटिंगमध्ये वेगावर मर्यादा घातलेली नाही ना तेही पाहावे. गूगल ड्राइव्हवर एका दिवसात ७५० जीबीपेक्षा अधिक चढवता येत नाही; एका फाइलीच्या आकाराची कमाल मर्यादा वनड्राइव्हवर २५० जीबी आणि आयक्लाउड ड्राइव्हवर ५० जीबी आहे.

मोठे फोल्डर उतरवताना झिपचे तुकडे मिळतात किंवा फाइल अर्धवट राहते.

गूगल ड्राइव्ह मोठे फोल्डर साधारण २ जीबीच्या अनेक झिपमध्ये विभागून देते. सगळे तुकडे उतरल्याची खात्री करून ते एकाच फोल्डरमध्ये उघडावेत. पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल जात नसेल, तर तो पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असतो आणि त्या पद्धतीत एवढी मोठी फाइल मावतच नाही. फार लोकांनी उतरवलेली फाइल गूगल ड्राइव्ह काही काळासाठी अडवते. ही बंदी सहसा २४ तासांत उठते.

फोनमधून छायाचित्रे पुसली तर क्लाउडवर राहतात का?

कोठून पुसली यावर ते अवलंबून आहे. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल, तर एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र सर्व ठिकाणांहून जाते. गूगल फोटोजच्या ॲपमधून पुसले तरी तसेच. फोनमध्ये जागा हवी असेल, तर त्या ॲपमधील जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरावा. तो सर्व्हरवर पोहोचलेल्या छायाचित्रांची फोनवरील प्रत तेवढी काढतो. बॅकअप मध्येच थांबत असेल, तर अँड्रॉइडवर त्या ॲपसाठी बॅटरी बचतीची मर्यादा काढावी, आणि आयफोनवर फोन चार्जिंगला लावून, वायफाय चालू ठेवून ॲप काही वेळ उघडे ठेवावे.

सगळ्या फाइलींची नावे विचित्र झाली आहेत, एकही उघडत नाही आणि पैशांची मागणी दिसते.

हा खंडणीखोर व्हायरस आहे, आणि सिंक चालू असेल तर तो बिघडवलेल्या फाइली इमानेइतबारे सर्व्हरवरही पाठवतो. सर्वप्रथम त्या संगणकाचे इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून पासवर्ड बदलावा आणि बाधित यंत्राला खात्यातून बाहेर काढावे. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सशुल्क सदस्यत्व असेल, तर संपूर्ण वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतील कोणत्याही क्षणाच्या स्थितीत नेता येते. ड्रॉपबॉक्सच्या सशुल्क खात्यांतही तशी सोय आहे. इतरत्र एकेका फाइलीची जुनी आवृत्ती परत आणावी लागते. बाधित संगणक पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय त्यावर सिंक सुरू करू नये, नाही तर हाच प्रकार पुन्हा घडतो.

सिंक आणि बॅकअप यांतला फरक येथे दिसतो. सिंक आरशासारखे असते : एका बाजूला बिघडले की दुसऱ्या बाजूलाही बिघडते. ज्या फाइली गमावणे परवडणार नाही, त्यांची एक प्रत एरवी संगणकाला न जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर असायलाच हवी.

खात्यातच प्रवेश मिळत नाही.

नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्या जागेवरून खाते परत मिळवण्याची प्रक्रिया करावी. अनोळखी यंत्रावरून केलेली विनंती नाकारली जाण्याची शक्यता अधिक असते. द्विस्तरीय पडताळणीचा फोन हरवला असेल, तर आधी छापून ठेवलेले बॅकअप कोड उपयोगी येतात. गूगल असे दहा कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. 'मेगा' नावाच्या क्लाउड-साठवण सेवेत, किंवा आयक्लाउडवर डिसेंबर २०२२ पासून उपलब्ध झालेले प्रगत डेटा संरक्षण चालू असल्यास, मजकुराची किल्ली कंपनीकडे नसते. तेथे पासवर्ड आणि पुनर्प्राप्ती किल्ली दोन्ही हरवल्यास कंपनीलाही काही करता येत नाही.

'आपली जागा संपली, आजच पैसे भरा नाही तर छायाचित्रे पुसली जातील' अशा मेलमधील लिंक उघडू नये. असे बरेच मेल बनावट असतात. खरी स्थिती खात्यात स्वतः जाऊन पाहावी.

एका सेवेतून दुसरीकडे फाइली नेताना काय बिघडते?

सर्वांत महागात पडणारी चूक गूगल डॉक्सच्या बाबतीत होते. संगणकावरील ड्राइव्ह फोल्डरमध्ये दिसणाऱ्या डॉक्स व शीट्सच्या फाइली या केवळ वेबवरील दस्तऐवजाकडे नेणाऱ्या खुणा असतात. त्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या, तर मजकुराचे एक अक्षरही उतरत नाही, आणि खाते बंद केल्यावर हाती काहीच उरत नाही. असे दस्तऐवज वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवावेत, किंवा गूगल टेकआउटमधून संपूर्ण खात्याची प्रत घ्यावी. टेकआउटची लिंक साधारण सात दिवसच चालते, म्हणून डिस्कवर जागा तयार ठेवूनच मागणी नोंदवावी. सर्व फाइली नव्या ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय जुने खाते बंद करू नये. शेअर केलेल्या लिंका आणि परवानग्या मात्र नव्या सेवेत येत नाहीत. त्या नव्याने द्याव्या लागतात.

सिंक फोल्डरमध्ये काय ठेवू नये?

सतत उघड्या राहणाऱ्या आणि आत वारंवार बदलणाऱ्या फाइली : आउटलुकचे मेल साठवणारी पीएसटी फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा, आभासी संगणकाची डिस्क. अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतच त्यांची प्रत सर्व्हरवर गेली, तर ती पुढे उघडत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून रोज बॅकअप काढून ती तयार फाइल तेवढी सिंक फोल्डरमध्ये ठेवावी. एकाच फोल्डरवर दोन सेवांचे ॲपही लावू नये. दोन्ही एकमेकांचे बदल नवे समजून चढवत राहतात.

सेवेकडे तक्रार नोंदवताना कोणती माहिती द्यावी?

त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, शक्यतो पडद्याच्या छायाचित्रासह. फाइलीचे पूर्ण नाव, मार्ग आणि आकार. घटना घडल्याची वेळ. संगणकाच्या प्रणालीची आणि ॲपची आवृत्ती. दुसऱ्या जोडणीवरून करून पाहिल्याचा निष्कर्ष. आणि तीच फाइल ब्राउझरमध्ये दिसते की नाही. शेवटचा तपशील आधीच दिला, तर 'ॲप काढून पुन्हा टाका' हे ठरलेले उत्तर सहसा टळते. तक्रारीत पासवर्ड किंवा पडताळणीचा कोड कधीही लिहू नये.